माय मडके फोडते आणि मी स्कॉच चाखते

माझी माय दारूचे मडके फोडते आणि मी दारू चाखायची नोकरी करते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही अजून चालू आहेत. यातली एक कधीतरी बंद पडेल, असं गावाला वाटत होतं. निदान मायलेकी एकमेकींशी बोलणं तरी टाकतील. तेही झालं नाही, म्हणजे थोडे दिवस झालं, त्याचीच ही गोष्ट.

आमचं गाव अल्लीपूरजवळ. नाल्याकाठी भाजीचं वावर, त्यात वांगी, मेथी, पालक आणि सांबार. ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात ते आमचं सांबार. बाबा पिकवायचे आणि माय हिंगणघाटच्या बाजारात नेऊन विकायची. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. म्हणजे दुकान नाही, बार नाही, पाटी नाही. दारू आहे.

माझी मावशी आमच्याकडे राहते. तिचा नवरा पिऊन आला की मारायचा, आणि एकदा त्यानं तिचा उजवा हात मोडला. तो हात वाकडाच बसला. ती आजही मेथीच्या जुड्या डाव्या हातानं बांधते. ती कपड्याची एक पिशवी घेऊन आमच्या दारात आली. दुसऱ्या दिवशी मायनं गावातल्या चार बाया गोळा केल्या आणि वाळल्या कपाशीचे दांडके घेऊन नाल्यावरची पहिली भट्टी फोडली. पुढं त्याचं महिला मंडळ झालं, माय अध्यक्ष झाली. पण सुरुवात मावशीच्या हातापासून.

सातवीत असताना मीही एकदा तिच्या मागं गेले. नाल्याच्या कपारीत मोहाचा सडवा पुरून ठेवला होता. मोहाची फुलं, गूळ आणि नवसागर मडक्यात कुजवायचं, त्याला सडवा म्हणतात. बायांनी मडके फोडले, पाणी वाहावं तसा तो सडवा वाहिला, सगळ्यांनी नाकाला पदर लावले. मी लावला नाही. आंबट, कुजका, डोळ्यांत जाणारा वास होता, पण त्याच्या खाली आणखी एक वास होता, मनुकांचा. मी मोठ्यानं म्हणाले, "माय, मनुक्यावानी वास येऊन राह्यला."

मायनं सगळ्या बायांसमोर माझ्या थोबाडीत मारली.

मार लागला त्यापेक्षा मला याचा राग आला की माझं बरोबर होतं. वास मनुकांचाच होता. खरं सांगून मार खाल्ल्याची ती पहिली वेळ, आणि मी तेव्हाच मनाशी धरलं की पुढं विचारलं तरी हेच सांगायचं.

खरं तर वास घ्यायला मला मायनंच शिकवलं होतं. बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही जुड्या निवडायला बसायचो. ती सांबाराची जुडी नुसती नाकाजवळून फिरवायची आणि म्हणायची, "हे कालचं. हे वेगळं ठेव." दिसायला सगळ्याच जुड्या हिरव्यागार. मेथीला मुळाशी पाणी साचलं असेल तर तिला पानाच्या वासावरून कळायचं. मलाही हळूहळू कळायला लागलं. याला काही विद्या म्हणतात हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

मी रसायनशास्त्रात एमएस्सी केली. नागपूरच्या पुढं औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा निघाली, मी अर्ज केला, लागले. कारखाना मद्याचा होता. स्कॉटलंडहून मोठाल्या टाक्यांतून व्हिस्की यायची. काही तशीच बाटल्यांत भरली जायची, काही इथल्या व्हिस्कीत थोडी थोडी मिसळली जायची. स्कॉटलंडमध्ये गाळलेली आणि तिथंच ओकच्या लाकडी पिंपात निदान तीन वर्षं मुरलेली, तिलाच स्कॉच म्हणता येतं. हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं.

घरी मी सांगितलं, "कंपनीत लॅब आहे." ऐकणाऱ्यांना ती औषधाची वाटली. मी दुरुस्त केलं नाही. फक्त बाबांना सांगितलं. ते वांग्याला पाणी देत होते. दांड मोडून पाणी दुसऱ्या सरीत सोडलं आणि म्हणाले, "मायले मी सांगत नाई. तूच सांगजो." मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

कारखान्यात चाखणाऱ्यांची एक तुकडी होती, सहा जणांची. तिच्यात जागा झाली तेव्हा आमच्या सरांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांची परीक्षा घेतली. सर म्हणजे तुकडीचे प्रमुख, साठीला टेकलेले गृहस्थ. आयुष्यभर त्यांनी हेच केलेलं. त्यांच्या अंगाला साबणाचासुद्धा वास येत नसे. परीक्षा साधी होती. समोर तीन निळे ग्लास, निळे यासाठी की रंग दिसू नये. दोन ग्लासांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. मग पुन्हा तीन, पुन्हा तीन.

माझ्या शेजारी बसलेला एक जुना सहकारी खर्रा खायचा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून आमच्या भागात जो दिवसभर चघळतात तो खर्रा. परीक्षेआधी त्यानं चूळ भरली आणि मला म्हणाला, "मॅडम, हे लेडीजचं काम नाही. डोकं धरेल."

माझं डोकं धरलं नाही. मी एका फेरीत चुकले, तो सगळ्या फेऱ्यांत अंदाज करत होता. मी तुकडीत आले.

त्यानंतर मी वासाचं तेल सोडलं, गजरा सोडला, सकाळच्या जेवणातला कांदा सोडला. चाखायचं काम सकाळी दहानंतर, पोट ना भरलेलं ना रिकामं असताना. पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता ग्लास. आधी नुसता वास. नाक आत खुपसायचं नाही, ग्लास हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणायचा. मग तेवढंच पाणी घालायचं. पाण्यानं दारूची धग खाली बसते आणि दडलेले वास वर येतात. मग एक छोटा घोट, जिभेवर फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा. मी गिळत नाही. लोकांचा यावर विश्वास बसत नाही. न बसो.

पहिल्यांदा सरांनी सहा स्कॉच एका रांगेत मांडल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. एकीत ओला कडबा आणि लिंबाची साल. दुसरीत मध आणि मेण. तिसरी वाइनच्या पिंपात मुरलेली, तिच्यात खारीक, जायफळ आणि होय, मनुका. चौथीत ओल्या खोबऱ्याचा वास आणि आर्वीकडचं संत्रं सोलताना उडतो तो फवारा. पाचवीत काहीतरी खारट. सहावी नाकाशी आणली आणि मी दचकून सरांकडं पाहिलं. स्कॉटलंडच्या एका बेटावर दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि त्या धुरावर धान्य सुकवतात, तिथली ती व्हिस्की. टिंक्चर आयोडीन, दवाखान्यातली फरशी, आणि धूर. धूर कसला तेही मला नेमकं कळलं. कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, आम्ही हिवाळा सरता सरता जाळतो. रात्री त्या राखेवर दव पडलं की सकाळी जो वास येतो, तो.

समोरच्या कागदावर छापील शब्दांची यादी होती. हीदर, मार्मलेड, नाताळचा केक, समुद्री शेवाळ. खूण करायची होती. मी यादीवर काट मारली आणि शेजारी मराठीत लिहिलं, "पऱ्हाटीची ओली राख."

सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "लिहीत राहा. फक्त प्रत्येक वेळी त्याच वासाला तोच शब्द पाहिजे."

तीन महिन्यांनी मुंबईच्या मुख्य कार्यालयातून एक मोठे साहेब आले. स्कॉटलंडला अनेकदा जाऊन आलेले. माझे कागद चाळताना त्यांना हसू आवरेना.

"पऱ्हाटी? आणि हे काय, लग्नाच्या पंगतीतला शिरा? अहो, इथं हीदर लिहायचं असतं."

मी म्हणाले, "हीदर मी पाहिलं नाही सर. न पाहिलेल्या फुलाचं नाव मी लिहिणार नाही."

"स्कॉटलंडला कधी गेलात का?"

"नाही. तुम्ही कधी पऱ्हाटी जाळली का?"

खोलीतले सगळे आपापल्या ग्लासाकडं बघायला लागले. साहेबांचा चेहरा लाल झाला. पण माणूस अगदीच वाईट नसावा, कारण ते म्हणाले, "मांडा ग्लास. दोघांसमोर मांडा." सरांनी आठ ग्लास मांडले. चार व्हिस्की, प्रत्येक दोनदा. जोड्या लावायच्या. मी धुराची, संत्र्याची आणि कडब्याची जोडी लावली. चौथ्या जोडीतल्या एका ग्लासाला ओल्या पोत्याचा वास होता, तो त्याच्या जोडीदाराला नव्हता. मी तसं लिहिलं आणि जोडी लावली नाही. नंतर कळलं, तो ग्लास दुसऱ्या बाटलीतून भरला होता आणि तिचं बूच खराब होतं. साहेबांच्या किती जोड्या जुळल्या हे त्यांनी सांगितलं नाही आणि कागद खिशात घालून नेला. माझे शब्द मात्र राहिले. आज आमच्या तुकडीच्या कागदावर पऱ्हाटी छापलेली आहे.

कारखान्यात मी अशी ताठ होते आणि घरी मात्र औषधाची लॅब. हा दुटप्पीपणा मला खात होता. तो उघडा पडला माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात.

आर्वीकडचं स्थळ होतं. शेती करणारं घर, मुलगा नोकरीला. पाहुणे आले, पोह्याच्या प्लेटा फिरल्या. मुलाच्या काकांनी विचारलं, "कंपनी काय बनवते?"

माझा दादा पटकन बोलला. त्याला एव्हाना कुठून तरी कळलं होतं. "ज्यूस. ज्यूस बनवते, काकाजी."

मी मुलाकडं पाहिलं. तो खाली मान घालून पोहे खात होता. पुढची चाळीस वर्षं या माणसासमोर ज्यूस ज्यूस करत राहायचं, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"दारू," मी म्हणाले. "मी स्कॉच व्हिस्की चाखते. पगार त्याचाच आहे."

चमचे थांबले. मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं, "म्हंजे... पिते?"

"थुंकते."

हे ऐकून मुलगा हसला. तो एकटाच. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला आणि घड्याळ बघत उठले. दादा त्यांच्या मागं गाडीपर्यंत गेला, वहिनी आत गेली. मी मागं वळले तर स्वयंपाकघराच्या दारात माय उभी होती. हातात साखरेचा डबा तसाच. तिला हे आत्ता, परक्या लोकांसमोर कळलं होतं. माझ्या खरं बोलण्यात हा एक मोठा अन्याय होता आणि तो मी केला होता.

तिनं डबा फळीवर ठेवला आणि वावरात निघून गेली. संध्याकाळी मी निघायला पिशवी भरली तेव्हा समोर येऊन बसली.

"किती दिस झाले?"

"दीड वर्ष."

"तुह्या बापाले माहीत हाये?"

मी मान डोलावली. तिनं बाबांकडं पाहिलंसुद्धा नाही.

"तुह्या मावशीचा हात पाह्यला न तू? रोज पाह्यते. मंग काऊन केलं वं?"

"माय, मी कोनाले पाजत नाई. मी तपासते. खराब असन तं खराब म्हनते."

"चांगली असन तं चांगली म्हनते," माय म्हणाली. "मंग ते कोनीतरी पिते. गरिबाचं मडकं मी दांडक्यानं फोडलं. तुह्या कंपनीचं कोन फोडन?"

  त्या प्रश्नाला मी बगल दिली. मी म्हणाले, "वास घ्याले कोनं शिकवलं मले? तूच शिकवलं. आता ते नाक मी कुटं ठेवू? देवानं तुले दिलं तं सांबार निवडाले, मले दिलं ते यासाठी. मले हे काम येते माय. पन्नास मानसात येत नाई असं येते. मी ते सोडत नाई."

"मंग घरी येऊ नको."

"येईन," मी म्हणाले. "तू दार लावजो. मी वट्यावर बसीन."

पिशवी उचलली आणि एसटी धरली. जाम गावाच्या चौरस्त्यापर्यंत मी रडले, हे लपवत नाही. पण राजीनाम्याचा विचार मनात आला नाही.

आणि मी बोलल्याप्रमाणे केलं. पंधरा दिवसांनी रविवारी गेले. दार लावलेलं नव्हतं, पण माय घरात असून बाहेर आली नाही. मी ओट्यावर बसले. मावशी आली, माझ्या शेजारी बसून डाव्या हातानं जुड्या बांधायला लागली. थोड्या वेळानं तिनं अर्धा पाला माझ्याकडं सरकवला. मी बांधू लागले. मावशीला माझ्यावर रागावण्याचा जगात सगळ्यांत जास्त अधिकार होता, आणि ती फक्त म्हणाली, "दोरा ओला कर, तुटते."

असे तीन रविवार गेले. तोवर आर्वीच्या पाहुण्यांनी बातमी गावोगाव नेली होती. मंडळाच्या बैठकीत एका काकूनं उठून मायला विचारलं, "घरात दारूचा पगार येते अन् गावाले उपदेश?" मावशीनं मला हे नंतर सांगितलं. माय म्हणाली होती, "पोरीचा एक पैसा मी घेत नाई. अन् ते चोरून करत नाई. तुह्या घरचा चोरून करते." काकू खाली बसली. माझी बाजू घेतली म्हणून मला बरं वाटलं, असं मावशीला वाटलं असेल. पण माय माझी बाजू घेत नव्हती, ती आपली बाजू लढवत होती. आमच्या घरात या दोन बाजू एकच दिसतात, एवढंच.

मग एका शुक्रवारी मायचा फोन आला. दीड महिन्यात पहिला.

"परवा येजो. काम हाये."

गावाच्या वेशीजवळ एकाची पानटपरी होती. तो लग्नसराईत चोरून इंग्रजी बाटल्या विकायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. हातभट्टी पिणारा लाजायचा, पण याच्याकडची बाटली लोक मिरवून प्यायचे, कारण तो म्हणायचा, ही स्कॉच आहे. बायांनी त्याच्या गोठ्यातल्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाखालून दोन बाटल्या काढल्या होत्या. पण फोडायला हात धजेना. तो म्हणत होता, "हे भट्टीचं नाई. हे परदेशी स्कॉच हाये, एका साहेबाची परमिटवाली. फुटली तं तुमच्या वावराचा सातबारा लागन." पोलीस पाटलांनी बाटल्या शाळेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात बाया जमल्या, थोडे पुरुषही. टपरीवाला पाय पसरून खुर्चीत बसला होता. माय माझ्याकडं न बघता म्हणाली, "सांग, हे काय हाये ते."

मी काचेचा ग्लास मागितला, नुसत्या गरम पाण्यानं धुवायला सांगितला. खरी स्कॉच शेजारी ठेवून तुलना करता आली असती तर बरं होतं, पण ती जिल्ह्यात आणणं हाच गुन्हा. तेव्हा तुलना आठवणीतल्या सगळ्या ग्लासांशी. पाटलांनी बाटली उघडली. बोटभर ओतली.

ग्लास हनुवटीपाशी धरून वर आणला. पहिला वास नखरंगाचा. मग करपवलेली साखर, मग बेकरीत केकमध्ये घालतात तो इसेन्स. मी वाट पाहिली. लाकूड आलं नाही. धान्य आलं नाही. पाणी घातलं. खऱ्या स्कॉचमध्ये पाणी घातलं की ती उघडते. ही कोसळली. इसेन्स उडून गेला आणि उघडी दारू उरली. मग थोडी तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळले, वाळू दिले आणि नाकाशी धरले. खरी असेल तर मागं भाजल्या धान्याचा वास उरतो. काही उरलं नव्हतं.

"पिऊन तं पाह्य!" टपरीवाला ओरडला. "नुसतं हुंगून का कळते? कुत्रे हुंगतात."

"अनोळखी बाटलीतलं मी तोंडात घालत नाही," मी म्हणाले. "ही स्कॉच नाही. साध्या दारूत रंग आणि इसेन्स घातला आहे. पिंपात ही एक दिवसही राहिलेली नाही."

"ह्या पोरीचं काय ऐकता? पोरीच्या जातीले का समजते दारूतलं?"

"मले समजते," मी म्हणाले. "माही तेच नोकरी हाये. तुही का हाये?"

बायांमध्ये हसू उठलं. मी पुढं पाटलांना सांगितलं, "यात विषारी काही आहे की नाही, हे नाकाला कळत नाही. तसं कोणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतो. ती तपासणी सरकारी प्रयोगशाळेत होते. बाटल्या फोडू नका, पोलिसांना द्या." आणि शेवटी बाटली फिरवून त्यांच्यासमोर धरली. "आणि हे पाहा. लेबलवर स्कॉटलंडचं स्पेलिंग चुकलं आहे. याला तर नाकसुद्धा लागत नाही."

पोलीस आले, बाटल्या गेल्या, टपरीवाल्यावर गुन्हा नोंदला. टपरी तीन महिने बंद राहिली. मग उघडली. आता तो फक्त पान विकतो म्हणतात. बाटल्या पलीकडच्या गावात मिळतात असंही म्हणतात.

त्या दिवशी व्हरांड्यात बाया माझ्याभोवती गोळा झाल्या. तीच काकू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, पोरगी कामाची निघाली. तुही नोकरी गावाच्या कामी आली तं चांगलीच म्हना लागन."

खरं तर इथं मी हसून नमस्कार करायचा होता. सगळं गोड झालं असतं. पण मला ते सहन झालं नाही.

"नाही काकू," मी म्हणाले. "आज तुमच्या उपयोगाला आली म्हणून चांगली, असं असेल तर ते मला नको. काल जे काम करत होते तेच उद्या करणार आहे. उद्या मी चांगल्या स्कॉचला चांगली म्हणणार आहे. वाईट वाटत असेल तर कालसारखंच वाईट वाटू द्या."

काकूचा हात माझ्या खांद्यावरून खाली आला.  मी चपला घातल्या आणि चालू लागले. अर्ध्या वाटेत मागून माय आली. आम्ही बरोबर चाललो. पिंपळापाशी ती थांबली.

"बरोबर बोल्ली तू," ती म्हणाली. "पन मले ते नोकरी पटत नाई. मरेस्तोवर पटत नाई."

"नको पटू देऊ."

"वट्यावर बसत जाऊ नको आता. लोक म्हनतात, मायनं हाकलली."

"हाकललीच होती न."

"हाव," माय म्हणाली. "चाल, भाकर खाऊन घे."

लग्न अजून झालेलं नाही. दोन स्थळं आली, दोघांनाही मी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, ती गेली. तो पोहे खाताना हसलेला मुलगा परत आला नाही. आला असता तर मी विचार केला असता, एवढं कबूल करते. सर निवृत्त झाले. तुकडी आता मी चालवते. खर्रा खाणारा सहकारी अजून आहे, त्यानं खर्रा सोडला आणि त्याचं नाक बरंच सुधारलं. मागच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली एक अख्खी टाकी मी नाकारली, ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. वरून तीन फोन आले. मी तीनदा नाही म्हणाले.

आणि यंदाच्या दिवाळीनंतरची गोष्ट. जिल्ह्यातली दारूबंदी उठवावी अशी बोलणी कुठं कुठं चालू झाली आणि मायच्या मंडळानं ती कायम ठेवावी म्हणून निवेदन काढलं. माय घरोघर सह्या घेत होती. मी अंगणात बसून पालक निवडत होते. ती कागद घेऊन माझ्यासमोरून दोनदा गेली, विचारलं नाही.

"आन इकडं," मी म्हणाले.

"तू करशीन सही?"

"काऊन नाई? कायदा असून मावशीचा हात मोडला. नसता तं काय झालं असतं?"

"लोक हासतीन. म्हनतीन, दारूच्या कंपनीवालीनं दारूबंदीवर सही केली."

"हासू दे."

मी कागद मांडीवर घेतला. नाव, गाव, वय लिहिलं. व्यवसायाचा रकाना होता. वरच्या सगळ्या बायांनी शेती, मजुरी, घरकाम लिहिलं होतं. मी लिहिलं, "मुख्य चव परीक्षक, स्कॉच व्हिस्की." आणि सही केली.

मायनं कागद डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला.

"हे काऊन लिवलं?"

"खरं हाये म्हनून."

तिला वाटलं असतं तर ती माझी ओळ खोडू शकली असती, पेन तिच्याकडंच होता. तिनं तो कागद तसाच नीट सरळ केला आणि माझ्या खाली मावशीची सही घ्यायला आत गेली. मावशीनं डाव्या हातानं सही केली, हळूहळू, एकेक अक्षर काढत. पुढच्या सोमवारी ते निवेदन वर्ध्याला कलेक्टर कचेरीत जाऊन पोचलं. माझ्या हुद्द्यासकट.